गव्हाचा दाणा

“तिचा स्वभावच तसा आहे.” हे वाक्य मी सुमारे आठ वर्षे उच्चारीत आलो. सासुरवाडीच्या माणसांना सांगितले, शाळेतील सहकाऱ्यांना सांगितले, आणि एकदा तर प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी स्वतःची पापे सांगावयाची सोडून पत्नीच्या चिडचिडीचीच कैफियत मी धर्मगुरूंपुढे मांडली. त्यांनी शांतपणे विचारले, “हे पाप तिचे की तुमचे?” त्या प्रश्नाचा अर्थ उमगावयास मला पुढे बराच काळ लागला.

आज पासष्टी ओलांडल्यावर ती हकिगत लिहावयास बसलो आहे. लिहिण्यापूर्वी पत्नीची परवानगी मागितली. ती म्हणाली, “लिहा. पण मला संत करू नका आणि स्वतःला फार मोठे पापीही करू नका. जे झाले तेवढेच लिहा.” ती अट पाळण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

आम्ही मूळचे वसईचे. १९८६ साली म्हसळ्याच्या एका माध्यमिक शाळेत मला शिक्षकाची नोकरी मिळाली आणि आमचे बिऱ्हाड तेथे गेले. म्हसळा हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत ते जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांच्या राज्यात मोडत असे. एका बाजूला माणगावकडे जाणारा वळणावळणाचा रस्ता, दुसऱ्या बाजूला श्रीवर्धन आणि दिघी. चहूकडे डोंगर, डोंगरउतारावर नाचणी-वरीची शेती, सखल भागात भाताची खाचरे, आणि जून ते सप्टेंबर आभाळ फाटल्यासारखा पाऊस. आमच्या आळीत आमचे एकच घर ख्रिस्ती. एका बाजूला कुणब्यांची घरे, दुसऱ्या बाजूला कोकणी मुसलमानांची. शेजारच्या भाभींचे यजमान आखातात नोकरीला होते. आम्ही सामान उतरवीत होतो तेव्हा त्यांनी कुंपणावरून तांदळाच्या गरम भाकऱ्या आणि माशाचे कालवण पाठविले. परगावात पहिला घास असा शेजाऱ्याच्या हातचा मिळाला.

पहिली दहा-अकरा वर्षे सुखाची गेली. मुलगा झाला, मुलगी झाली. घर बांधले. घरामागे सुपारीची तीस-पस्तीस झाडे आणि सात माड लावले. खरे तर ते तिनेच लावले. मी फक्त पाणी शेंदीत असे. तिचा आवाज गोड होता. सुटीत वसईला गेलो की मिस्सेच्या गायनवृंदात तिची जागा ठरलेली असे.

१९९७च्या सुमारास काहीतरी बिघडले. प्रथम थकवा आला. मग पोट बिघडू लागले. कधी फुगे, कधी ढाळ होत. केस गळू लागले, चेहरा पांढुरका दिसू लागला. गावातील डॉक्टरांनी रक्त तपासले आणि पंडुरोग असल्याचे सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या. त्याबरोबर एक सल्लाही मिळाला, “नुसता भात खाऊन अंगात रक्त कोठून येणार? भात कमी करा, गव्हाच्या चपात्या खा.” सल्ला सद्‌हेतूचा होता, त्या काळी कोणीही तोच दिला असता. आमच्या घरी दोन्ही वेळा चपात्या होऊ लागल्या. सकाळी पाव, दुपारी चपाती, रात्री रव्याची लापशी. मी स्वतः माणगावहून चांगला गहू आणीत असे. पुढे कळले ते असे की, ज्या धान्यापासून तिला दूर ठेवावयास हवे होते, तेच मी प्रेमाने पोत्याने वाहून आणीत होतो.

शरीराचा अशक्तपणा आम्हाला समजत होता. मनाचे जे होत होते ते मात्र समजत नव्हते. ती लहानसहान गोष्टींवरून संतापे आणि मग तासन्‌तास अबोल होऊन बसे. रात्री दोन वाजता जागी होऊन छातीत धडधडते म्हणे. मुलांच्या वह्या पाहावयास बसली की एकच ओळ पुनःपुन्हा वाची. “डोक्यात धुके भरले आहे,” असे ती सांगत असे. गाणे थांबले. मुले शाळेतून आली की आधी दारातून आईचा चेहरा पाहत आणि मगच चपला काढीत. ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि मी काय केले? मी उपदेश केला. जपमाळ अधिक म्हण, नोव्हेना कर, मन रमव, असे सांगितले. एका संध्याकाळी ती मागच्या पायरीवर बसून रडत होती. मी म्हणालो, “देवाने नवरा दिला, मुले दिली, घर दिले. मग रडतेस कशाला? ही कृतघ्नता आहे.” तिने वर पाहिले आणि म्हणाली, “अहो, मलाही तेच कळत नाही.” एवढे सरळ उत्तर ऐकूनही मला ते ऐकू आले नाही. मी आत जाऊन पेपर तपासावयास बसलो.

माझे डोळे उघडले ते कोणत्या ग्रंथाने नव्हे, एका बांगड्याने.

२००५ सालचा ऑक्टोबर महिना होता. उन्हाचा तडाखा होता. संध्याकाळी उशिरा दारावर आलेले बांगडे मी घेतले. टोपलीत बर्फ नव्हता, पण मासे दिसावयास बरे होते. त्या रात्री पत्नीने पोट बिघडल्यामुळे पेजच घेतली, मुलांनी अंडी खाल्ली. बांगडे मी एकट्यानेच खाल्ले. अर्ध्या तासात माझा चेहरा लालबुंद झाला, डोके ठणकू लागले, हृदय घोड्यासारखे धावू लागले. पण या सर्वांहून भयंकर होती ती भीती. कशाची भीती, ते सांगता येईना. आपण आता मरणार, घरावर काहीतरी कोसळणार, असे वाटू लागले. चाळिशी उलटलेला, प्रार्थनेवर व्याख्याने देणारा मी पत्नीचा हात धरून थरथरत होतो. डॉक्टर आले. त्यांनी बांगडा कधी आणला ते विचारले, एक इंजेक्शन दिले, आणि दोन तासांत ती भीती जशी आली तशी ओसरून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारण समजावून दिले. बांगडा, सुरमई, कुपा यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा थंड न ठेवल्यास जंतू त्याचे हिस्टामीन बनवितात. ते शिजविल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. ही खरी ॲलर्जी नव्हे, एक प्रकारची विषबाधाच. परंतु लक्षणे ॲलर्जीसारखी असतात आणि छातीच्या धडधडीमुळे माणूस घाबराघुबरा होतो. “गुरुजी, तुमची भीती मनातून आली नव्हती, टोपलीतून आली होती,” असे ते हसत म्हणाले.

त्या रात्री दिवा मालविल्यावर पत्नी हळूच म्हणाली, “तुम्हाला दोन तास जे झाले, ते मला आठ वर्षे होते आहे. मला कोणी विचारले नाही की मी काय खाल्ले.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर मी वाद घातला असता. मी रात्रभर जागा राहिलो. माझी श्रद्धा दोन तासांत पाण्यासारखी वाहून गेली होती, आणि कोणी मला कृतघ्न म्हटले नव्हते. मला इंजेक्शन मिळाले. तिला उपदेश मिळाला होता.

२००६च्या फेब्रुवारीत आम्ही मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तेथील पोटविकारतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “इतकी वर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, तर लोह जाते कोठे?” रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची टीटीजी नावाची तपासणी झाली. मग तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्याचे चिमूटभर तुकडे काढून पाहिले. निदान झाले: सीलिॲक रोग, म्हणजे गव्हातील ग्लुटेन नावाचे प्रथिन शरीराला न सोसणे.

हा रोग थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण आपल्या भागात त्याचे नाव फारसे कानावर पडत नाही. आपल्या लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे बारीक अंकुर असतात; त्यांच्याद्वारे अन्नरस शोषला जातो. सीलिॲक झालेल्या माणसाने गहू, जव किंवा राय खाल्ली की शरीराची संरक्षणव्यवस्था ग्लुटेनला शत्रू समजून लढाई आरंभते, आणि त्या लढाईत स्वतःचेच अंकुर सपाट होऊन जातात. मग लोह, फोलिक आम्ल, जीवनसत्त्वे ताटात असूनही अंगी लागत नाहीत. मेंदूला याच द्रव्यांची गरज असते. शरीरात वर्षानुवर्षे धुमसणारा दाह असतो तो वेगळाच. त्यामुळे उपचार न झालेल्या अशा रुग्णांत उदासीनता आणि चिंता इतरांपेक्षा अधिक आढळते. काहींचा तर तोलही जातो. ग्लुटेनचा मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाशी असलेला हा संबंध इंग्लंडमधील शेफील्डच्या डॉ. हाजीवासिलियू यांनी १९९६ पासून पुढे आणला.

गव्हावरचा संशय सिद्ध होण्याची कथाही विलक्षण आहे. डॉ. विलेम डिके हे हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे तेथे भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला. सारी मुले खंगत असताना डिके यांचे हे बालरुग्ण मात्र गव्हाविना बरे राहिले, आणि गव्हाचा पाव परत आल्यावर त्यांचा आजारही परतला. गव्हाविषयी त्यांना पूर्वीपासून शंका होतीच. १९५० साली आपल्या प्रबंधात त्यांनी ती सप्रमाण मांडली. जगात साधारणपणे शंभरात एकाला हा रोग असतो. आपल्या देशात उत्तरेकडे हे प्रमाण तसेच, किंबहुना थोडे अधिक आहे. दक्षिणेत मात्र ते हजारात एकाच्या आसपास आढळले आहे. भातखाऊ कोकणात तो डॉक्टरांना चटकन आठवू नये, यात दोष कोणाला द्यावा?

अन्नाने मनही बिघडते हे मान्य करावयास आपण कचरतो. वैद्यकशास्त्रही एके काळी कचरत होते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागातील वेड्यांची इस्पितळे पेलाग्रा नावाच्या रोगाच्या रुग्णांनी भरली होती. त्यात कातडी काळवंडे, हगवण लागे, माणूस खिन्न होई आणि शेवटी त्याचे भान हरपे. तो संसर्गजन्य असावा असा समज होता. १९१४ साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्या ध्यानात आले की, इस्पितळातील रोग्यांना तो होतो, पण त्यांच्यामध्येच वावरणाऱ्या सेवकांना होत नाही. फरक आहे तो ताटात. १९१५ साली त्यांनी मिसिसिपीच्या तुरुंगातील ११ स्वयंसेवक कैद्यांना प्रामुख्याने मक्याचे निकृष्ट जेवण दिले. काही महिन्यांत ६ जणांत पेलाग्राची लक्षणे उमटली. १९३७ साली एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्ल हे त्यावरचे औषध असल्याचे दाखवून दिले.

ही कथा आपल्या दारापर्यंतही येते. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा आढळत असे. १९६० साली हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी त्याची संगती ज्वारीतील ल्युसीन या द्रव्याशी लावली. ज्वारी वाईट, असा त्याचा अर्थ नव्हे. डाळ, दूध, भाजी जोडीला असली की ती उत्तम अन्न आहे. पण ज्याच्या ताटात दुसरे काहीच नव्हते, त्याच्या खिन्नतेला लोकांनी काय नाव दिले असेल? आळस? भूतबाधा? की माझ्याप्रमाणेच, स्वभाव? पेलाग्रा हा उणिवेचा रोग, माझ्या पत्नीचा न सोसण्याचा. परंतु दोन्ही ठिकाणी दोष ताटाचा आणि ठपका माणसावर, हे मात्र सारखेच.

निदान झाले आणि आमच्या स्वयंपाकघराची झडती सुरू झाली. चपाती, पाव, शेवया, बिस्किटे ही तर उघड शत्रुपक्षाची. पण फितूर पुष्कळ निघाले. मासे तळताना लावावयाचा रवा गेला, त्या जागी तांदळाचे पीठ आले. बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे प्रथमच कळले. वसईहून येणारा बाटली मसाला हा आमचा जीव की प्राण. परंतु तो कुटताना मिरची-मसाल्याबरोबर गहू भाजून घालण्याची रीत अनेक घरांत आहे, आमच्याही घरी होती. माझ्या वृद्ध आईने त्या वर्षी गहू वगळून सुनेसाठी वेगळा मसाला कुटून पाठविला. बरणीला पांढरा दोरा बांधलेला असे. शेजारच्या भाभींनी तर एक नवा तवा घेतला आणि बजावले, “हा तुझा. यावर गव्हाचे पीठ पडणार नाही.” ईदला शेवया येत, आमच्या घरासाठी मात्र तांदळाची फिरनी येऊ लागली.

चमत्कार झाला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा हकिगतींत शेवटी चमत्कार सांगण्याचा मोह होतो. पोट दोन महिन्यांत सुधारले, रक्त भरावयास सहा-सात महिने लागले. मन सर्वांत सावकाश परतले. मधल्या काळात मनोविकारतज्ज्ञांची औषधेही तिने घेतली आणि ती त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू बंद झाली. एके दिवशी, बहुधा त्या वर्षीच्या डिसेंबरात, मी शाळेतून येत होतो. मागच्या वाडीतून गुणगुणणे ऐकू आले. मी दारातच थांबलो. मुलगीही माझ्यामागे येऊन थांबली. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

राहिला होता एक प्रश्न, आणि तो आम्हा ख्रिस्ती माणसांना इतरांपेक्षा अधिक जाचणारा होता. ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाची असते. वसईला मिस्सेसाठी गेल्यावर पत्नी बाकावरच बसून राहू लागली. लोक पाहत आणि मनात काय ते समजत. ती म्हणाली, “घरच्या ताटातून गहू गेला त्याचे काही नाही. पण प्रभूच्या मेजावरूनही मी उठले की काय?”

मी पुन्हा उपदेश करणार होतो. या वेळी जीभ आवरली आणि धर्मगुरूंना भेटलो. त्यांनी कागदपत्रे पाहून आम्हाला सांगितले. ग्लुटेन अजिबात नसलेली भाकर या संस्कारासाठी ग्राह्य धरली जात नाही. परंतु रोमच्या श्रद्धासिद्धांतविषयक धर्ममंडळाने १९९५ मध्ये आणि पुन्हा २४ जुलै २००३च्या पत्रात स्पष्ट केले आहे की, अत्यल्प ग्लुटेन असलेली गव्हाची भाकर चालते, आणि ज्यांना तीही सोसत नाही त्यांना केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो. एका रूपातही ख्रिस्त संपूर्ण असतो, ही तर ख्रिस्तसभेची जुनी शिकवण. (२०१७ सालच्या पत्रात रोमने ही भूमिका पुन्हा सांगितली.) रीतसर परवानगी मिळाली. मिस्सेत धर्मगुरू भाकरीचा एक कण मुख्य चषकात सोडतात. म्हणून तिच्यासाठी एक लहान वेगळा चषक ठेवण्याची व्यवस्था त्यांनी केली. त्या रविवारी ती रांगेत उभी राहिली. परत येताना तिचे डोळे भरलेले होते, आणि मला प्रथमच तिच्या रडण्याचे कारण विचारावेसे वाटले नाही.

येथे हा लेख संपला असता तर मी शहाणा ठरलो असतो. पण मला आणखी एक धडा शिकावयाचा होता.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा म्हसळ्यावरून गेला. तीन-चार तासांत आमच्या छपराची कौले आणि पत्रे उडाले. वाडीतील सुपारीची झाडे काड्यांसारखी मोडून एकमेकांवर पडली. सातपैकी दोन माड उरले. करोनाची टाळेबंदी होती, वीज कित्येक दिवस नव्हती, मुले मुंबईत अडकलेली. ताडपत्रीखाली आम्ही पावसाळा काढला. भिंतींवर प्रथम करडी आणि मग काळी बुरशी चढली. कपड्यांना, पुस्तकांना, अंथरुणाला तोच कुबट वास. पत्नीला खोकला जडला आणि ऑगस्टच्या सुमारास ती पुन्हा अबोल झाली. जेवण कमी झाले, रात्रीची झोप गेली.

मी ताबडतोब कामाला लागलो. मला वाटले, मला आता सर्व कळते. मदत म्हणून आलेल्या शिध्यातील पिठांची पाकिटे तपासली, मसाल्याची बरणी तपासली, हिंगाचा डबा उलटा करून त्यावरील बारीक अक्षरे भिंगाने वाचू लागलो. ती काही वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “अहो, तो डबा ठेवा खाली. या वेळी गहू नाही. माझी झाडे गेली आहेत.”

मी पुन्हा तेच केले होते. पूर्वी मी सारा दोष स्वभावावर टाकला होता. आता सारा दोष आतड्यावर टाकीत होतो. दोन्ही वेळा तिला विचारावयाचे राहून गेले. पुढे तपासणीत टीटीजी व्यवस्थित निघाले. पथ्यात चूक नव्हती. पंचवीस वर्षे ज्या झाडांना तिने हाताने वाढविले ती चार तासांत गेली, त्याचे ते दुःख होते, आणि ओल्या भिंती त्यात भर घालीत होत्या.

ओल आणि मन यांचा संबंध पुढे वाचनात आला. युरोपातील ८ शहरांतील सुमारे ६ हजार प्रौढांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला होता. ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये नैराश्य अधिक आढळले. त्याची दोन कारणे अंशतः दिसून आली. एक, बुरशीमुळे होणारे शारीरिक आजार. आणि दुसरे, आपले घर आपल्या ताब्यात राहिले नाही, ही भावना. हे दुसरे कारण वाचून मी थबकलो. ताडपत्रीखाली बसलेल्या माझ्या पत्नीचे ते नेमके वर्णन होते. बुरशी भिंतीवर होती तशीच हतबलताही भिंतीवरच उगवलेली होती.

मग या वेळी आम्ही तिन्ही दारे एकदम ठोठावली. मनोविकारतज्ज्ञांशी प्रथम फोनवर व नंतर समक्ष भेटून औषध सुरू केले. ते नऊ महिने चालले. दिवाळीपूर्वी छप्पर घातले, भिंती खरवडून, वाळवून, चुना दिला. आणि पावसाचा जोर ओसरल्यावर वाडीत सुपारीची वीस रोपे लावली. खड्डे मी खणले. रोपे तिने लावली. कोणत्या उपायाने किती गुण आला याचा हिशेब मांडता येणार नाही, आणि तो मांडण्याची मला गरजही वाटत नाही.

आमच्या अनुभवावरून कोणी उद्याच गहू सोडू नये. ज्याला शंका असेल त्याने आधी तपासणी करून घ्यावी. कारण गहू सोडून दिल्यानंतर तपासले तर प्रतिपिंडे उतरलेली असतात आणि खरा रोगही हुलकावणी देतो. मनोविकाराची औषधे स्वतःच्या मताने तर कधीच थांबवू नयेत. पुष्कळांच्या उदासीनतेचा अन्नाशी काडीचाही संबंध नसतो, आणि त्यांच्या ताटातले पदार्थ एकेक करून हिरावून घेणे हाही एक छळच होय. सांगावयाचे आहे ते एवढेच की, घरातले माणूस बदलले, कोमेजले, तर त्याच्या श्रद्धेची आणि स्वभावाची परीक्षा घेण्यापूर्वी त्याचे शरीर पाहावे, त्याचे ताट पाहावे, त्याच्या घराच्या भिंती पाहाव्यात, त्याने अलीकडे काय गमावले ते पाहावे. आणि हे सर्व पाहण्याआधी त्यालाच विचारावे.

प्रभूने आंधळ्याला बरे करण्यापूर्वी विचारले होते, “मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?” तो आंधळा आहे हे त्याला दिसत नव्हते काय? तरीही त्याने विचारले. हा उतारा मी वर्गात आणि प्रार्थनासभांत कितीदा समजावून दिला असेल. घरी मात्र तो प्रश्न विचारावयास मला वीस वर्षे लागली.

सुपारीची रोपे आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. संध्याकाळी ती वाडीत फिरते, मी मागच्या पायरीवर बसतो. शेजारच्या भाभी आता थकल्या आहेत, पण त्यांच्या सुनेनेही तो तवा वेगळाच ठेवला आहे. त्यावरची तांदळाची भाकरी कधीमधी कुंपणावरून येते, आणि आम्ही दोघे ती अर्धी अर्धी मोडून खातो.